इसब आणि कोकराच्या लोकरीचं घोंगडं

आई, आज तुझ्या नातीच्या कोपराच्या खळगीतली जखम भरून आली. नुसता गुलाबी डाग उरलाय. ती तू गेल्यावर झाली, तिला तू पाहिलंच नाहीस, पण माझं इसब तिनं बरोबर त्याच जागी घेतलंय. रोज खाजवून खाजवून चादरीला रक्त लावायची आणि मी तिचे हात धरून बसायचे.

जतकडचं आपलं घर आठवतं. तू कडुलिंबाचा पाला घालून कढत पाणी काढायचीस, डाळीच्या पिठानं खसाखसा चोळायचीस, मी बोंबलायचे. गावात टँकर येईल तेव्हा पाणी, तरी माझा हंडा राखलेला असायचा. आजोबांनी तर माझ्यासाठी कोकराच्या पहिल्या लोकरीचं घोंगडं विणलं, घरातलं सगळ्यात मऊ. त्यावर निजवलं की माझं अंग पेटायचं. शेवटी दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, पाणी कोमट घ्या, चोळू नका, लोकर तर नकोच नको. घरी येऊन तू घोंगड्याची घडी आजोबांपुढं ठेवलीस.

"आवं मामा, लय ग्वाड विणलंय, पर पोरीला सोसत न्हाई."

"आमी समदी याच्यावरच वाढलो. आमाला कवा खाज सुटली न्हाई ती!"

मेंढरं राखणाऱ्याच्या घरात लोकर परत करायची म्हणजे काय गं! कितीतरी दिवस ते तुझ्याशी बोलले नाहीत. तू मान खाली घालून त्यांना भाकरी वाढायचीस आणि माझ्याखाली तुझी विटकी सुती साडी अंथरायचीस. किती एकटी पडली असशील, ते मला आत्ता कळतंय.

इथं सांगलीत आम्ही दोघीच. नवरा फौजेत. सासूबाई फोनवर म्हणतात, "आगं, दिष्ट काढ आदी." काढते बाई, तीही काढते. पण अंघोळ कोमट पाण्याची आणि थोडकी, अंग टिपायचं, ओलसर असतानाच व्हॅसलीन लावायचं, नखं बारीक कापायची, कपडे सुती. आज दुपारी ती हात सैल सोडून झोपली. मला इतका आनंद झाला की लगेच नवऱ्याला फोन लावला. "बरं झालं की मग. ठेवू का?" म्हणाला. ड्युटीवर होता, त्याचं तरी काय चुकलं?

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहिते. थंडीत माझी पाठ अजून फुटते, आई. लेकीचं झालं की बोटांना उरलेलं व्हॅसलीन मी मला लावते, पण पाठीच्या मधोमध हात पोचत नाही. आणि कुणाला लाव म्हणायची मला लाज वाटते.