गुरुजी, तुम्ही तोंड उघडलं नाहीत

गुरुजी, काल परभणीत माझा सत्कार झाला आणि मी चिडून घरी आलो. एका वक्त्यानं सांगितलं, की डॉक्टरांनी खेड्यातल्या माणसांचे दात फुकट पाहून समाजाचं ऋण फेडलं, आणि हा संस्कार त्यांना त्यांच्या गुरुजींनी दिला. टाळ्या पडल्या. उठून सांगावंसं वाटलं, की सुजलेल्या जबड्याच्या बाईचा दात काढणं म्हणजे उपकार नव्हे, आणि तो काढला त्या दिवशी याच गुरुजींनी मला सगळ्या गावासमोर झापलं होतं. पण मी हात जोडून खाली बसलो. तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली, की वयानं मी तुमच्यापेक्षा मोठा झालोय. आज कागदावर बोलतो.

तुमच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करतो. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमची मेंढरं राणीसावरगावाकडच्या माळावर असायची आणि मी, धनगराचं पोर, तुमच्या शाळेत यायचो. शाळा म्हणजे गावच्या मालकांनी दिलेली गोठ्याशेजारची खोली. संध्याकाळी तुम्ही मला घरी थांबवून गणितं घालायचात, शुद्धलेखनातले ऱ्हस्व-दीर्घ तपासायचात. पहिल्या दिवशी जेवायची वेळ झाली तेव्हा मी ओसरीवरच बसलो, तर तुम्ही आतून ओरडलात, "तिथं का बसलास? आत ये." काकूंचा हात भाकरीवरच थांबला. तुम्ही एवढंच म्हणालात, "वाढ की." चुलीपुढं, तुमच्या मांडीला मांडी लावून मी भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली. पुढं राज्य बदललं, मी गंगाखेडला शिकलो, तिथून मुंबईला दातांच्या कॉलेजात गेलो, ते सगळं त्या 'आत ये'च्या बळावर. निघताना तुम्ही तुमचा एकुलता एक काळा कोट माझ्या अंगात घातलात. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. "शिकून इकडंच यायचं," असा दम दिलात. "तिकडं दात बघायला लय जण आहेत."

मी आलो. परभणीत स्टेशनजवळ खोली घेतली. मराठवाडा नुकताच मुंबई राज्याला जोडला होता, कचेऱ्यांत नवे साहेब येत होते, पण दात दुखला तर जायचं कुठं, याचं उत्तर जुनंच होतं. लोक लवंग धरत, तंबाखू दाबत, आणि सहनच होईना तेव्हा बाजारात बसणाऱ्या कुणाकडून तरी जंबुरानं उपटून घेत. पू गळ्यात उतरून माणूस दगावला, तर तापानं गेला म्हणत. एका साहेबांकडं मी दवाखान्यासाठी दातांची खुर्ची मागायला गेलो. ते हसले. "दातानं कुणी मरतं का हो?" त्या हसण्याचा राग घेऊनच मी बाहेर पडलो आणि ठरवलं, आपणच गावोगाव जायचं. पहिलं गाव अर्थात आपलं.

मालकांनी घरापुढं मांडव घालून दिला, स्वतःची वेताची खुर्चीही दिली. अट मात्र तुमच्या तोंडून कळवली. आधी गावातली मंडळी. गावकुसाबाहेरच्यांना शेवटी, आणि त्यांना खुर्चीवर बसवायचं नाही, खाली जमिनीवर. स्टोव्हवर माझी अवजारं उकळतायत आणि तुम्ही माझ्याकडं न बघता हे सांगताय, हे मला आजही दिसतं. समोर उन्हात एक बाई दगडावर बसलीय. पदर गालावर दाबलेला, सूज डोळ्यापर्यंत चढलेली. मी तिलाच पहिल्यांदा बोलावतो आणि खुर्चीवर बसवतो. मालकांचा गडी धावत येतो. तो काही बोलायच्या आत ती उठते. "न्हाई जी, मी खालीच बसते." गडी खुर्ची उचलून घेऊन जातो. आणि तुम्ही, गुरुजी, त्याच्यावर नाही, माझ्यावर ओरडता.

"तू इलाज करायलास का हुज्जत घालायलास? लोकांचं भलं करायचं तर वाकावं लागतं थोडं."

"तुम्ही मला चुलीपुढं बसवलं होतंत," मी म्हणालो.

"ते माझं घर होतं. शाळा त्यांच्या जागेत आहे. उद्या कुलूप घातलं तर पोरं कुठं बसवू?"

मी पेटी आणि स्टोव्ह उचलून वेशीबाहेरच्या बाभळीखाली गेलो. त्या बाईला पेटीवर बसवलं, भूल दिली, दात काढला. पू वाहिला तशी ती हळूच म्हणाली, "आता झोप लागंल, बाबा." त्या दिवशी गावातलं कुणी बाभळीकडं आलं नाही. तुम्हीही नाही. तुमची भीती खोटी नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण वाकायचं कुणी? तुम्ही नाही, मालक नाही. वाकायला सांगितलंत ते त्या बाईला, जी आधीच जमिनीवर बसायला निघाली होती.

त्यानंतर तुम्ही कामानं परभणीला यायचात, पण माझ्या खोलीकडं फिरकला नाहीत. मग एक दिवस काकू एकट्याच मोटारीनं आल्या. "त्यांना घास जाईना झालाय. तोंडच उघडंना रे." मी तसाच निघालो. तुमच्या दातांच्या फटीतून माझं बोटही आत जाईना. बॅटरीच्या उजेडात गालाच्या आत, जिथं तुम्ही तंबाखू ठेवायचात तिथंच, कडा वर आलेली जखम दिसली. बघताक्षणी कळलं. "कधीपासून?" तुम्ही भिंतीकडं पाहिलंत. काकूच म्हणाल्या, "लय महिने झाले. तुला सांगू देईनात."

ज्या एका माणसाला तुम्ही तोंडाचे रोग शिकायला मुंबईला धाडलंत, त्याच्यापुढं तुम्ही तोंड उघडलं नाहीत. मी म्हणालो, मुंबईत याचा इलाज करतात, उद्याच्या गाडीनं निघू. तुम्ही दात न उघडता म्हणालात, "गावातल्या बाकीच्यांना कोण नेतंय मुंबईला? मीच कशाला जाऊ?" गावात ही गोष्ट अजून तुमचा मोठेपणा म्हणून सांगतात. मला तो मोठेपणा वाटत नाही. सगळ्यांना मिळत नाही, तर सगळ्यांना मिळावं म्हणून भांडायचं असतं. तुम्ही मालकांपुढं भांडला नाहीत, साहेबांपुढं भांडला नाहीत, आणि शेवटी जगण्यासाठीही भांडला नाहीत. ज्वारीची काढणी चालू असताना तुम्ही गेलात.

मी परभणीतल्या सुताराकडून लाकडी खुर्ची करून घेतली आणि बाजाराच्या दिवशी त्याच बाभळीखाली जात राहिलो. एका उन्हाळ्यात मालक स्वतः गाल धरून आले. खुर्चीवर वेशीबाहेरचा एक म्हातारा होता. ते उन्हात उभे राहिले. म्हातारा उठल्यावर क्षणभर थबकले, मग त्याच खुर्चीत बसले. मी त्यांचा दात दुखू न देता काढला, जसा त्या बाईचा काढला होता तसाच. हे बघायला तुम्ही नव्हतात, म्हणून मला तुमचा फार राग आला. आणि शाळेला कुलूप लागलं नाही, गुरुजी. कधीच नाही.

हे कुठं पाठवणार? काकूही गेल्या, तुमचं घर पडून तिथं दुसऱ्याची चक्की झालीय. कागद फाडायला उचलले खरे, पण एक कबूल करतो. फाडण्याआधी मी पहिल्या ओळीपासून ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसलो. दोन ठिकाणी चुकलं होतं. दुरुस्त केलं.