रिकामी जमीन

प्रिय सिमेला,

परवा मी बोलता बोलता फोन आपटला म्हणून तू रुसली असशील. रूस बापडी. मीही रुसले आहे, आणि माझा राग फोनवर मावेना म्हणून कागद घेऊन बसले आहे. जुन्या गावच्या दफनभूमीच्या फाटकावर नोटीस लागली ती लागलीच आहे. ईस्टरच्या आत सगळ्या कबरी उचलायच्या, तिथे सौरऊर्जेच्या काचा बसणार. सगळ्या म्हणजे तुझ्या बाबांचीही. ही योजना तू नकाशे काढतेस त्या ऑफिसातून निघाली, आणि मला ती फाटकावर वाचून कळली.

बाकी इकडचं म्हणशील तर थंडी हटत नाही. कोळशाचं वीजकेंद्र बंद झाल्यापासून घरं ऊबदार ठेवणारं पाइपातलं गरम पाणी गेलं, त्या बदल्यात जे यायचं होतं ते अजून येतंच आहे. नव्या गावातल्या या खोक्यांसारख्या घरांत आम्ही कोट घालून जेवतो. शेजारची एव्लाम्बिया रोज कुंपणाशी येऊन टोमणा मारते, "तुझ्या लेकीने धूर घालवला ते बरं केलं हो पार्थेना, आता आमचे दात वाजतात ते कसे स्वच्छ हवेत वाजतात!" मी तिला सोडत नाही. म्हटलं, तुझ्या नवऱ्याची छाती कशाने गेली ते विसरलीस का? खिडकी पुसली की फडकं काळं व्हायचं, ते विसरलीस? धूर जायलाच हवा होता. हे मी आजही म्हणते, तुझ्यावर एवढी चिडलेली असतानाही म्हणते.

तुला आठवतं ना, केंद्राच्या फाटकासमोर तू पिवळा रेनकोट घालून फलक धरून उभी होतीस? पाळी सुटली आणि तुझे बाबा बाहेर आले. सगळे कामगार त्यांच्याकडे बघत होते. कोणीतरी ओरडलं, "लाझारोस, पोरीला आवर, नाहीतर आमच्या चुली विझवेल!" ते तुझ्या शेजारून मान खाली घालून निघून गेले. रात्री त्यांनी ताट भिरकावलं आणि तू अथेन्सची गाडी धरलीस. त्यानंतर तुम्ही दोघं बोललात ते फक्त माझ्यामार्फत, जेवलात का नि झोपलात का, एवढंच. मी कोणाच्या बाजूला होते हे तुला सांगायला नको. तुझ्यासाठी भरलेली द्राक्षाची पानं डब्यात घालून मी त्या फाटकावर यायची. तुला पोलिसांनी गाडीत कोंबलं तेव्हा चपला हातात घेऊन मागे धावले होते बाई मी.

आणि त्या अगोदर आपलं गाव गेलं, तेही तू बघितलंस. खाली कोळसा आहे म्हणाले. घरं पाडली, चर्च पाडलं, माझी अंगणातली भट्टी पाडली. कंपनीचा माणूस टोपी काढून म्हणाला होता, "बाई, सार्वजनिक हित आहे." मग खाण बंद पडली आणि तो कोळसा कोणी काढलाच नाही. दफनभूमीपर्यंत यंत्रं पोचायच्या आत सगळं थांबलं. आपलं म्हणावं असं तेवढंच शिल्लक राहिलं. ईस्टरनंतरच्या रविवारी आम्ही अजून तिथे जातो. कबरींवर चादरी अंथरतो, लाल अंडी, पनीरचे पराठे काढतो, वाइनचा पहिला घोट मातीला देतो. साव्वासकाका लिरा वाजवतो, आता हात थरथरतात त्याचे, तरी वाजवतो. लहानपणी आजोबांच्या दगडावर पोट भरून झोपायचीस तू, मी उचलून घरी न्यायची. त्या जागेला तुझ्या नकाशात "रिकामी जमीन" म्हटलंय. गाव कागदावर हलवलं तेव्हा मेलेलेही कागदावर हलले, आणि ते तुझ्या लक्षात येऊ नये? दुसऱ्या कोणाच्या आलं नसतं तर मी समजू शकले असते.

फोनवर तू काय म्हणालीस? "अगं आई, तिथे आता राहतं कोण?" तुझे बाबा राहतात! मी म्हटलं, एवढ्या मोठ्या माळावर काचा लावा हव्या तेवढ्या, मीच येते पुसायला, फक्त कुंपण दफनभूमीला वळसा घालून न्या. तर म्हणालीस, आता आराखडा बदलत नाही, सार्वजनिक हित आहे. हाच शब्द, सिमेला! त्या टोपीवाल्याचा शब्द माझ्या लेकीच्या तोंडून ऐकायला मी जिवंत राहिले. वर मला समजावतेस, की काही वर्षांनी हाडं तशीही काढून, धुऊन ठेवतातच ना आपल्याकडे. काढतात. मातीने तिचं काम पुरं केल्यावर काढतात, कंपनीला सवड झाल्यावर नाही. त्यांना जाऊन अजून दोन वर्षंही झाली नाहीत. आता उकरलं तर खाली काय दिसेल ते मी लिहीत नाही, तुला कळतं.

फोन आपटला तो मात्र याच्यासाठी नव्हे. एक गोष्ट ओठांवर आली होती, आणि ती तुला सांगू नकोस असं तुझ्या बाबांनी मला बजावलं होतं. खाण बंद होणार ही बातमी टीव्हीवर लागली तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. मला वाटलं, आता शिव्या घालतील. ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "जिंकली गं कार्टी! मला वाटायचं, मेल्यावर मलासुद्धा कोळशासाठी उकरतील. मला आता जुन्या गावातच ठेव, पार्थेना. पोरीच्या कृपेने मला तिथून कोणी उठवत नाही. पण तिला सांगू नकोस हं, डोक्यावर बसेल." म्हणून सगळं गाव नव्या दफनभूमीत जा म्हणत असताना मी त्यांना जुन्या गावात नेलं. आज त्यांचा शब्द मोडला, तुला लागावं म्हणूनच मोडला. आता ऐक. येत्या शनिवारी सकाळी फादर आनेस्तिस कुदळीवाल्यांना घेऊन आपल्या कबरीवर येणार आहेत. हाडं धुवायला वाइन लागेल ती मी फाटकापर्यंत आणून ठेवीन, पण मी आत येणार नाही, माझ्याच्याने बघवणार नाही. फादरना मी सांगून ठेवलंय, लाझारोसला त्याच्या लेकीखेरीज कोणी हात लावायचा नाही. तेव्हा शनिवारच्या आत ते कुंपण वळव, नाहीतर ये आणि बाह्या वर करून आपल्या बाबांना स्वतःच्या हातांनी वर काढ.

काही झालं तरी तुझीच,
आई