माझ्या खोलीतला पलंग

मंगळवार, ११ जून

होबार्टमागच्या डोंगरावरचं बर्फ आज झाडांपर्यंत खाली उतरलंय; टास्मानियात जून म्हणजे ऐन हिवाळा. वरचा रस्ता बंद. उजेड साडेसातनंतर, तोही पाणी घातलेल्या दुधासारखा.

साडेपाचला मर्लच्या खोलीतून खाली आले. चौथी आणि नववी पायरी टाळून — त्या करकरतात. माझ्या खोलीत गेले आणि पलंग विस्कटला. रजई अर्धी मागे, चादर एका कोपऱ्यातून ओढलेली, उशीच्या मधोमध एक मूठ. दोन मिनिटांचं काम. एकतीस वर्षं करतेय.

सात वाजता आई वॉकर ढकलत स्वयंपाकघराकडे निघाली. माझ्या दाराशी थांबली, रोजच्यासारखी आत डोकावली.

"नीट झोपलीस ना गं?"

"हो, आई."

कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टनी पलंग नीट कसा करायचा ते शिकवलं होतं. कोपरे लिफाफ्यासारखे दुमडायचे, हात फिरवला तर सुरकुती लागता कामा नये. अठ्ठावीस मुलींत माझा पलंग सगळ्यात सपाट! लहानसं पदकही मिळालं होतं. ते कुठे गेलं कोण जाणे.

बुधवार, १२ जून

वाईट दिवस.

टॅम्झिन फॉर्म ठेवून गेली आहे. ती एक प्रवास-पुस्तिका काढते. दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी एक पलंग मागितला तर भुवई उंचावणार नाहीत, अशा पाहुणे उतरवणाऱ्या घरांची यादी. होबार्टमधली नऊ घरं आहेत, दहावं आमचं. हिवाळी उत्सवाला आमच्यासारखे लोक आता मुद्दाम इथे येतात. (आमच्यासारखे — हे फक्त इथे लिहिता येतं.) समोरच्या खिडकीला तिने इंद्रधनुष्याचं स्टिकरसुद्धा लावलं. आईने विचारलं, "हे काय?" "पर्यटनाचं आहे, आई." "रंग छान आहेत," म्हणाली आणि विणायला बसली.

फॉर्मवर एक प्रश्न होता — घर कोण चालवतं? दोन ओळींत सांगा. मर्लने पेनने लिहिलं: "कार्मेल आणि मर्ल. जोडपं. एकतीस वर्षं."

ती बाजारात गेल्यावर मी त्यावर पांढरी शाई फिरवली. वाळल्यावर लिहिलं — "दोन जुन्या मैत्रिणी."

तिने पाहिलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं! बटाटे सोलत राहिली.

"पाहुण्यांना सांगतेस, या, इथे लपायचं कारण नाही. आणि स्वतः पहाटे चोरासारखी जिना उतरतेस."

"आई एक्याण्णव वर्षांची आहे, मर्ल."

"मी आले तेव्हा साठीची होती. तेव्हा म्हणालीस, बाबांना जाऊ दे. बाबा जाऊन एकोणीस वर्षं झाली."

मी सोललेले बटाटे पाण्यात टाकत राहिले.

"पुढच्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी मी लाँसेस्टनला जाते. बहिणीकडे."

"परत कधी?"

"फॉर्म चोवीस तारखेला द्यायचा आहे ना? तो काय म्हणतो ते बघून ठरवीन."

मर्ल बस चालवायची तेव्हाही अशीच होती. थांब्यावर कोणी धावत येत असेल तर थांबायची. पण दार एकदा लागलं की लागलं.

शुक्रवार, १४ जून

मेलबर्नहून दोन म्हातारे आले. लिंझी आणि वॉली. दोघंही सत्तरीच्या पुढचे. लिंझी उंच, कोरडा, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. वॉली बुटका आणि बडबड्या. दारातच मर्लला म्हणाला, "बाई, तुमच्या गावात हवा नाही, सुऱ्या आहेत!" मर्ल दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

त्यांच्यासाठी मी मोठ्या पलंगाची खोली तयार ठेवली होती. लिंझी घसा खाकरून म्हणाला, "दोन वेगळे पलंग असलेली आहे का?" मी म्हटलं, "अहो, आमच्याकडे तसं काही —" तो म्हणाला, "दोन असतील तर बरं."

मागची दोन पलंगांची खोली दिली.

शनिवार, १५ जून

मर्लने शिंपल्यांचे पॅटिस केले. पाच संपले. माझ्याशी चार वाक्यं बोलली, तीन ओव्हनबद्दल.

रविवार, १६ जून

लिओ जेवायला आला होता. माझा धाकटा भाऊ, आता साठीचा फादर. आईला घरीच प्रसाद देतो, मग मटणाचा रोस्ट खातो, मग खुर्चीत झोपतो.

जेवताना म्हणाला, "मर्ल, अजून ह्या तुरुंगातून सुटली नाहीस?"

"चांगल्या वागणुकीबद्दल लवकरच सोडतायत, फादर."

त्याला कळलं नाही. मला कळलं.

आई म्हणाली, "आमच्या भाडेकरणीला छळू नकोस, लिओ. तिला आणखी ग्रेव्ही वाढ."

भाडेकरीण. एकतीस वर्षं हाच शब्द, आणि तोही मायेने! आईचे पाय चोळते ती मर्ल. आईची लोकर गुंडाळते ती मर्ल. मी लहान असताना आई मला न्हाऊ घालायची, कानामागे फुंकर मारायची — त्या बाईला मी इतकी वर्षं काय घाबरतेय? मारणार तर नाही. टाकणारही नाही, बहुधा. पण सकाळी माझ्या दाराशी थांबणार नाही, विचारणार नाही. ते मला नाही सोसणार. घर माझ्या नावावर आहे, किल्ल्या माझ्या कमरेला, आणि मला बाहेर पडता येत नाही.

सोमवार, १७ जून

म्हाताऱ्यांची खोली झाडायला गेले. दोन्ही पलंग विस्कटलेले. खिडकीकडचा खराच झोपलेला होता — गादी मधोमध दबलेली, दोन्ही उशा एकमेकींत घुसलेल्या. दुसरा —

रजई अर्धी मागे. चादर एका कोपऱ्यातून ओढलेली. उशीच्या मधोमध मूठ.

मी खालीच बसले. झाडू हातात तसाच. डोक्याचा खळगा रुंद असतो, एका बाजूला कलतो. मुठीचा खळगा गोल आणि खोल. हे जगात कोणाला माहीत असणार? झोपलेल्याला नाही. मूठ मारणाऱ्याला.

मंगळवार, १८ जून

लिंझीला सांगितलं.

कसं सांगितलं मलाच माहीत नाही. वॉली मर्लबरोबर बंदरावर गेला होता. लिंझी शेगडीपाशी बसून वर्तमानपत्र वाचत होता. चहा ठेवताना तोंडून निघून गेलं — "उशीला इतक्या जोरात मारायची गरज नसते. मी मूठ नुसती दाबते."

पेपर खाली आला.

"तुम्ही?"

"रोज. साडेपाचला."

मग वरचं बटण काढून तो बोलायला लागला. अठ्ठ्याहत्तर साल. तो इथल्या एका बँकेत कारकून, वॉली गोदीवर. उत्तरेकडच्या एका घरात दोघं भाड्याने राहायचे, दोन पलंगांच्या खोलीत. कोणीतरी चिठ्ठी पाठवली. पोलीस आले. घरमालकीण काही वाईट नव्हती, म्हणाला, विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं एवढंच — "हा दुसरा पलंग? महिनाभर चादर बदलावी लागली नाही बघा."

"सपाट पलंग. एवढाच पुरावा," लिंझी म्हणाला. "तेव्हा इथे दोन पुरुष एकत्र झोपले तर एकवीस वर्षं आत जायची शिक्षा होती. दुसऱ्या सकाळी आम्ही मेलबर्नच्या बोटीवर होतो. आईला भेटलोसुद्धा नाही. तेव्हापासून कुठेही गेलो की वॉली दुसरा पलंग विस्कटतो. मी सांगतो त्याला — हळू मार, उशी आहे ती, हवालदार नाही."

आम्ही दोघं हसलो. मग दोघांनाही हसता येईना.

"पण तो कायदा तर गेला," मी म्हटलं. "खिडकीत स्टिकर आहे!"

"स्टिकर पाहिलं मी. पण इथल्या फरशीवर पाऊल पडलं आणि तोंडातून 'दोन पलंग' असंच निघालं. तुम्हा बायकांवर तर कायदाही नव्हता. तुम्ही कोणाला भिता?"

"आईला."

त्याने मान हलवली. "हो. ती मोठी कचेरी."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणा माणसाला सांगितलं. आभाळ कोसळलं नाही. चहा गार झाला.

बुधवार, १९ जून

सकाळी वॉलीने आणि मर्लने मागच्या खोलीतले दोन पलंग ढकलून एकत्र लावले. केवढा खडखडाट! वॉली ओरडतोय, "मधली फट कोणाच्या वाट्याला?" मर्ल म्हणतेय, "जो घोरतो त्याच्या!" आईने खालून विचारलं, "काय पडलं?" मी म्हटलं, "काही नाही आई, साफसफाई."

मर्लने वरून ऐकलं असणार. दिवसभर बोलली नाही.

शुक्रवार, २१ जून

जिन्याखाली मर्लची बॅग आली आहे. निळी. आम्ही पहिल्यांदा पूर्व किनाऱ्याला गेलो तेव्हा घेतली होती ती. तिथे दुकानदाराने विचारलं, "बहिणी का?" आणि मी पटकन हो म्हणाले होते. त्या दिवशी मर्ल समुद्राकडे तोंड करून बसून राहिली.

शनिवार, २२ जून

सगळ्यात लांब रात्र संपली की सूर्य उगवताना उत्सवाचे लोक नदीत उघडे उतरतात. डोक्यावर लाल टोपी, बाकी अंगावर काही नाही. वॉली उतरला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी! आणि मर्लही. मला आधी सांगितलं नव्हतं. कोट काढून माझ्या हातात दिला आणि गेली. गोरी पाठ, जुन्या ऑपरेशनची खूण, सगळं उघड्यावर.

जांभळी होऊन परत आली. हसत होती, दात वाजत होते. मी टॉवेलात गुंडाळलं. चोळताना हात थांबला, कारण पलीकडे चर्चमधल्या मिसेस टूही उभ्या होत्या.

मर्लला कळलं. टॉवेल स्वतःकडे ओढून घेतला.

"एवढी माणसं पाण्यात उघडी होती, कार्मेल. तू एकटी कोटावर कोट धरून उभी होतीस."

म्हातारे दुपारी गेले. लिंझीने माझा हात दोन्ही हातांत धरला. वॉली म्हणाला, "पुढच्या वर्षी पलंग जोडूनच ठेवा हो!"

रविवार, २३ जून

आज साडेपाचला खाली आले. चौथ्या आणि नवव्या पायरीवर मुद्दाम पाय दिला. खोलीत गेले. पलंग सपाट, सिस्टर बेनेडिक्टना दाखवावा असा. हात लावला नाही. दार सताड उघडं ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

सात. वॉकरची चाकं. दाराशी थांबली. आता विचारेल — नीट झोपलीस ना? आणि मी म्हणेन, हो, पण इथे नाही. वाक्य तयार होतं. रात्रभर घोकलं होतं, कॉन्व्हेंटातल्या धर्माच्या प्रश्नोत्तरांसारखं.

विचारलंच नाही. किती वेळ थांबली कोण जाणे. मग परत आपल्या खोलीत गेली आणि मला हाक मारून म्हणाली, "आज नाश्ता इथेच दे."

ट्रे घेऊन गेले. खिडकीबाहेर पाहत होती. माझ्याकडे नाही. संपलं, म्हटलं. एवढंच होतं तर.

मर्लला सांगायचं धैर्य झालं नाही. ओव्हन लावला, मटण ठेवलं. दोनदा अंगणात लाकडं आणायला गेले आणि दोन्ही वेळा लाकडं न घेताच परत आले.

बाराला लिओ आला. आईकडे जाऊन प्रसाद देऊन आला, हात चोळत स्वयंपाकघरात शिरला. "काय गं कार्मेल! कॉन्व्हेंटातलं पदक परत द्यावं लागेल हां. दुपारचे बारा वाजले आणि पलंग तसाच पसरलेला! सिस्टरनी कान धरला असता."

"कोणाचा पलंग?"

"तुझा! आणखी कोणाचा?"

मर्लने हातातला चमचा खाली ठेवला.

मी गेले. रजई अर्धी मागे ओढलेली, वाकडी — एका हाताने ओढली असावी, दुसरा वॉकरवर. चादर कोपऱ्यातून निघालेली. उशीत खळगा. उथळ. जोर नसलेल्या मुठीचा. एकदा जमला नाही म्हणून शेजारी पुन्हा मारलेला. आईचा चष्मा उशीखाली अर्धा अडकलेला.

रविवार. लिओ येणार. त्याला दिसू नये म्हणून. बाराला नीट केलेला पलंग कोणालाच खटकला नसता, पण घाईत तिला सुचलं नसेल.

चष्मा घेऊन आईच्या खोलीत गेले. तिने हात पुढे केला, घेतला, घातला.

"केव्हापासून, आई?"

"तुझे बाबा पहाटे उठायचे ना," ती म्हणाली. "तू कधी विसरायचीस. मग त्यांच्या आधी मी जायची." जरा थांबून म्हणाली, "आता वाकवत नाही गं."

सोमवार, २४ जून

माझ्या खोलीतला पलंग मर्लने आणि मी उचलून बाहेर फुटपाथवर ठेवला. ज्याला हवा त्याने न्यावा. फॉर्मवरची पांढरी शाई नखाने खरवडून काढली आणि मर्लची ओळ तशीच टॅम्झिनला पाठवली. मर्लची बॅग अजून जिन्याखाली आहे. भरलेली की रिकामी, मी उचलून बघितली नाही.

आई वॉकर धरून दारात उभी होती. "चौकटीला लागू देऊ नका," म्हणाली. मग मर्लला — "वरती खिडकीकडे कोण झोपतं? तू झोप. हिला लहानपणापासून वारा सोसत नाही."