हुकली म्हणालो

११ ऑक्टोबर, शनिवार
खोटं बोललो. एकच शब्द — "हुकली."

मूस या थोराड हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. दलदलीच्या कडेला चार नंबरच्या जागेवर बसलो होतो. आमच्यातल्या हिल्काची कुत्री टुइस्कू भुंकत जवळ आली आणि नर बाहेर पडला. साठ पावलांवर, पुरता आडवा! एकोणीस वर्षं मी शिकाऱ्यांची नेमबाजीची परीक्षा घेतोय, दरवर्षी तेच घोकून घेतो — पुढच्या पायामागून वर या, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात, तिथे फुप्फुसं आहेत. श्वास अर्धा सोडा. चाप दाबा, हिसका देऊ नका.

घाबरलो. साठाव्या वर्षी, पोरासारखा! हिसका दिला.

नराने पाठ कुबडासारखी वर उचलली. म्हणजे पोटात लागली. माझ्याकडे परीक्षा दिलेला कोणीही हे सांगेल. वॉकीटॉकीवर आमचा म्होरक्या ओइवा — "मास्तर, काय झालं?" आणि माझ्या तोंडून तो शब्द.

नर पाच नंबरकडे पळाला आणि अर्ध्या मिनिटात तिथून राउनीचा बार ऐकू आला. "लागली वाटतं!" म्हणाली. नर उभा होता तिथे जाऊन मी जमिनीवर पाहिलं. केस, आणि हिरवट रक्त. बुटाने शेवाळ ओढून झाकून टाकलं. त्या वेळी हात अजिबात थरथरत नव्हते.

कुठे लागली ते राउनीला सांगता येईना. ओइवाने मला विचारलं. मी म्हणालो, लगेच मागे धावायचं नाही. जखमी जनावर पाठलाग झाला की कोसभर पळतं, सोडून दिलं की आपण होऊन बसतं. "किती थांबायचं?" राउनीने विचारलं. "तो बसेपर्यंत." मोठा शहाणा! थांबलो, मग कुत्रीला मागावर सोडलं, तर अंधार पडला.

शनिवारचं सौना, सगळ्यांसोबतचं वाफेचं स्नान, चुकवलं. डोकं दुखतंय म्हणालो. उघड्याने शेजारी बसून ओइवाशी खोटं बोलायची हिंमत नव्हती.

१२ ऑक्टोबर, रविवार
तळ्याकाठच्या झुडपात सापडला. जिवंत. हिल्काने मानेत गोळी घालून सोडवला. त्याखेरीज भोक एकच — पोटात. रात्रभर तो तिथे होता. मी गादीवर होतो.

"राउनीबाई, पोटात मारायला मास्तरांनी शिकवलं का?" ओइवा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. ते हसू लिहून ठेवतो, विसरायला नको.

राउनी लालबुंद झाली. शाळेत स्वयंपाक करते. नवरा गेल्यावर त्याची बंदूक आणि त्याची पाच नंबरची जागा तिने घेतली. हे तिचं पहिलंच वर्ष. "माझी गोळी, तर मीच सोलते," म्हणाली आणि शेडमध्ये एकटी त्या घाणीत कोपरापर्यंत हात घालून उभी राहिली. अर्धं मांस कुत्र्यांना गेलं. मी बाहेर कॉफी पीत होतो.

१३ ऑक्टोबर
शिकारीला गेलो नाही. कंबर धरली म्हणून सांगितलं. थापा आता सराईतासारख्या येतात.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
ओइवा घरी आला. पुढच्या वर्षी राउनीला बंदूक नको, नुसतं जनावर उठवायला हाक्यात चालू दे, असं सगळ्यांचं मत. गावजेवणाच्या दिवशी जाहीर करायचं. "तुम्ही परीक्षक. तुम्ही बोललात की तिला वाईट वाटणार नाही."

मी "बघू" म्हणालो. बघू! नवऱ्याची जागा तिच्याकडून काढून घ्यायची, तीही माझ्या तोंडून. आणि मी त्याला वर वेलचीची पावरोटी दिली. त्याने दोन खाल्ल्या.

२१ ऑक्टोबर
दुकानात राउनी भेटली. मीच नजर चुकवली. तिने कंबरेची चौकशी केली.

२५ ऑक्टोबर, शनिवार
आज गावाला मूसचं सूप. आमच्यात रिवाज आहे — ज्याची गोळी वाईट, त्याने सूपाचे बटाटे सोलायचे. सकाळी गेलो तर राउनी बटाट्याच्या दोन पोत्यांच्या मध्ये बसलेली. जो येईल तो काहीतरी बोलून जात होता. "बघ हं, बटाटाही पळेल!"

मी सुरी घेऊन समोर बसलो. तीन बटाटे झाले, चौथा हातातून सुटला. मग उभा राहिलो. भाषण पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

"ती गोळी माझी होती. लागलेली कळलं होतं. घाबरलो होतो, आणि रक्त झाकलं."

ओइवाने टोपी काढली, परत घातली. हिल्का म्हणाली, "टुइस्कू त्या दिवशी चार नंबरला शेवाळ उकरत होती. मीच तिला ओढून आणलं. मास्तर म्हणतात हुकली, म्हणजे हुकली." बाकी कशाने नाही, याने रडू आलं.

परीक्षकाचं काम सोडतो म्हणालो. कोणी नको म्हणालं नाही. उरलेलं पोतं मी एकट्याने सोललं. पाच नंबर राउनीकडेच राहिला.

२६ ऑक्टोबर, रविवार
राउनी आली. कॉफी झाल्यावर खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. चेपलेली गोळी. जाड, माझ्या बंदुकीची — तिची तर पेन्सिलीएवढी बारीक. सोलताना पलीकडच्या कातड्याखाली सापडली होती. पहिल्याच रविवारी.

चौदा दिवस! बोलली का नाहीस, विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना मास्तर, मागे धावायचं नाही. आपण होऊन बसेपर्यंत थांबायचं."