लांबनळीचा भुंगा

४ मार्च
लांबनळी फुलली! पहिलं फूल – पांढरंशुभ्र, नळी माझ्या करंगळीएवढी. मध अगदी तळाशी. मधमाशी आली तरी हात हलवत परत जाईल. हिला लांब जिभेचा पतंगच हवा. फूल नळी लांबवत गेलं, पतंग जीभ लांबवत गेला, लाखो वर्षं दोघं एकमेकांच्या मागे. पण तो पतंग या शहरात कुणी पाहिलेलाच नाही. म्हणून आमच्या काचघरात पतंग म्हणजे मी! घोड्याचा केस नळीत घालायचा, पराग उचलायचा, दुसऱ्या फुलात ठेवायचा. अख्ख्या बागेत हे फक्त मला जमतं. इथेच लिहिते, कारण घरी बोलून दाखवलं की हे हसतात. “लग्न माझ्याशी केलंस की त्या झाडाशी?”

९ मार्च
परत तो मेला भुंगा! खिडकीतून सरळ लांबनळीकडे. भुंगे म्हणजे चोर – जीभ पोचत नाही म्हणून नळीच कुरतडतात आणि बाहेरून मध पितात. परागांचं काम शून्य. केरसुणी घेऊन धावले. पिटाळला. माझ्या नजरेतून काही सुटत नाही!

१७ मार्च
हात थरथरतो. कुणाला सांगितलेलं नाही.

२५ मार्च
खालची फुलं सगळी गळाली. एकही फळ धरलं नाही. केस नळीच्या तोंडाशीच अडखळतो. उरलं एक शेंड्यावरचं फूल, तिथे शिडी पोचत नाही. खोड बुंध्याशी सडतंय. यंदा बी मिळालं नाही तर लांबनळी संपली – बागेत दुसरं झाड नाही.

मदतनीस पोरगी, आमची चष्मेवाली, हळूच म्हणाली, “मावशी, मी करून बघू?” मी खेकसले, “आधी चष्मा पूस!” बिचारी खरंच पुसत बसली. मग मलाच रडू आलं.

३१ मार्च
ताप. आठवडाभर घरीच. हे म्हणतात, “तू चार दिवस नाही गेलीस म्हणून बागेला कुलूप लागणार नाही.” लागेल, लागेल!

१२ एप्रिल
फळ! शेंड्यावर, हिरवंगार, वाटाण्याएवढं! बागेचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “बाईंच्या हाताला यश आहे.” टाळ्या! मी मान ताठ करून उभी. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, “शेंड्यावर? तिथे तुझी शिडी पोचत नाही ना?”

नाही पोचत. चष्मेवालीलाही फोन करून विचारलं. तिनेही हात लावलेला नाही.

१४ एप्रिल
आज उशिराचं एक फूल उमललं, आणि भुंगा हजर! केरसुणी उगारली – आणि थांबले. तो फुलावर बसेचना. हवेतच तरंगत राहिला, गुंडाळलेली जीभ उलगडली आणि सगळीच्या सगळी नळीत घातली. भुंगा कसला, पतंग! नांगीच्या भीतीने पाखरांनी वाटेला जाऊ नये म्हणून भुंग्याचं सोंग घेतलेला. पाखरं फसतात, मीही फसले. लांबनळीला जो हवा होता, त्यालाच झोडपत होते! काय बहुरूपी आहे लेकाचा – अभिमानाने ऊर भरून आला. सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. उद्या साहेबांना सांगते, त्या टाळ्या याच्या होत्या.