उडीचा खड्डा

४ फेब्रुवारी १९७३, रविवार
'जे' संपत आलं. एकच शब्द राहिला, जंप. नेमका हाच. पुण्याहून प्रकाशकांचं कार्ड आलंय, इंग्रजी-मराठी कोशाच्या 'जे'च्या सगळ्या चिठ्ठ्या मार्चच्या मध्यापर्यंत हव्यात. नियम मीच घातलेला, दर अर्थाला एक मराठी वाक्य, तेही आपल्या माणसांच्या तोंडचं. पहिला अर्थ पायांनी जमीन सोडण्याचा. चिठ्ठी कोरीच ठेवली.
आमची पोरगी सरू आत पडून आहे. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. पंधरा दिवस झाले.

६ फेब्रु.
भाव एकदम चढणे, हा अर्थ बसल्याबसल्या मिळाला. सौ. दुकानातून आली ती म्हणतच, "ज्वारीनं परत उसळी घेतली." लिहून घेतलं. ती म्हणाली, पोरगी आत कण्हतेय अन् तुम्ही माझं बोलणं कसलं उतरवताय. खरंच आहे.

१० फेब्रु.
दचकणे. वाक्य पुन्हा सौ.चंच, शेजारणीला सांगत होती. "हल्ली नुसती कडी वाजली तरी हे दचकतात."
का दचकतो ते तिला माहीत नाही. कुणालाच नाही, शाळेतला बसाप्पा सोडून.

११ फेब्रु.
निदान इथे तरी लिहितो.
स्पोर्ट्सच्या आदल्या दिवशी ड्रिलमास्तर रजेवर होते. मैदान माझ्याकडे आलं. इंग्रजीच्या मास्तराला मैदानातलं काय कळतं, पण हौस दांडगी. लांब उडीच्या खड्ड्यात रेती कमी, माती जास्त, ढेकळं वर आलेली. पाहुण्यांना असला उकिरडा दाखवायचा? टँकरच्या पाण्यातल्या दोन बादल्या शिंपडल्या नि धुमसानं चोपायला लागलो. बसाप्पा शिपाई म्हणाला, "सर, माती घट्ट धरंल की. उडीचा खड्डा भुसभुशीत ठेवत्यात." मी म्हटलं, तू मला शिकवू नकोस. तो गप बाजूला झाला. सकाळी लवकर जाऊन पुन्हा मीच चोपला, कडेनं चुन्याची फक्की मारली. अंगणासारखा दिसत होता. लई खूश होतो मी.
दहा वाजता सरू त्यात उतरली. हाडाचा आवाज आला तो अजून...

१४ फेब्रु.
हेडमास्तरांनी बसाप्पाला मेमो दिला, खड्डा उकरला नाही म्हणून. मी तिथेच उभा होतो. चष्मा पुसत राहिलो.
घाईनं निष्कर्षाला येणे. हे.मा.वरच वाक्य लिहिलं नि फाडलं. ते चुकले, पण मला तर खरं माहीत होतं.

१८ फेब्रु.
बसाप्पा घरी आला, सरूसाठी पेरू घेऊन. निघताना दाराशी त्याला गाठलं. म्हटलं, मी उद्या सांगतो हे.मा.ना. म्हणाला, "नगा सर. मेमो काय, कागुदच हाय. पोरीला कळलं तर तिला काय वाटंल?"
उद्याही सांगितलं नाही तर मी कसला माणूस.

१९ फेब्रु.
सांगितलं नाही.

२५ फेब्रु.
ड्रिलमास्तर आले. सरूला म्हणाले, "उडीच्या आधी खड्डा पायानं चाचपायचा, कडक असला तर उकरून मागायचा. तीन वर्षं हेच शिकवलं ना?" तिनं मान खाली घातली. "विसरले, सर."
ती काहीच विसरत नाही. पाढेसुद्धा तीसपर्यंत पाठ.

८ मार्च
प्लास्टर काढलं. पाय काठीसारखा झालाय. डॉ. मला बाहेर घेऊन म्हणाले, गुडघा पूर्ण वळणार नाही. चालेल, लंगडेल. उड्यांचं विसरा. रिक्षात सौ. रडत होती. सरू नाही. ती रस्ताभर शाळेला जाणारी पोरं बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० मार्च
सरू म्हणाली, "अप्पा, बसून कंटाळा येतोय की. चिठ्ठ्या द्या, स्वच्छ उतरवून देते." अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. गठ्ठा दिला. पहिल्या अर्थाची कोरी चिठ्ठी काढून ठेवायची राहिली.

११ मार्च, रविवार
गठ्ठा परत आला. चिठ्ठ्या लावून बघत होतो. पहिली कोरी नव्हती. अर्थ लिहिलेला, खाली वाक्य, तिच्या अक्षरात.
"सकाळी वडील स्वतः खड्डा चोपत होते, म्हणून मी काही न बोलता उडी मारली."
म्हणजे तिनं पाहिलं होतं. माहीत होतं. सगळ्यांसमोर खड्डा उकरून मागितला असता, तर माझी शोभा झाली असती. म्हणून.
बाकीच्या पाकिटात घातल्या. ही टेबलावरच आहे. पाठवली तर पुस्तकात छापली जाईल. फाडायला हात धजत नाही.
आतून सरूनं विचारलं, "अप्पा, पाकीट बंद केलं का?"
पाकीट अजून उघडंच आहे.