पिहू तोंड उघडत नाई

सोमवार, १० नोव्हेंबर
पिहूनं आज बी तोंड मिटलं. दहा महिन्याची झाली. वरणात भात कुस्करून देल्ला, फुर्रकन माह्याच लुगड्यावर. बापानं नाव पाखराचं ठेवलं, पण पाखरू बी दाणा टिपते. अंगणवाडीच्या बाईनं ही वही देल्ली, पोरगी दिवसभर काय खाते थे लिहा म्हणे. सून रेखा कापूस वेचाले जाते, म्हणून लिहाचं माह्याकडं. तिसरी शिकली मी. काय लिहू, खाल्लं काहीच नाई.

मंगळवार
पायावर आडवी घेतली, नाक दाबलं. तोंड उघडलं का पेज ओतली. अर्धी वाटी गेली. रडून रडून निळी झाली, पण गेली. माही चार लेकरं अशीच पोसली. रेखाले सांगतलं त तोंड पाडून बसली. म्हणलं, तुले जमते त तू पाज, कापूस मी वेचते.

बुधवार
काही नाई. दोन चमचे पाणी.

गुरुवार
आता वाटी पाह्यली का पोरगी पाठ फिरवते. माही चाहूल लागली तरी ओठ दाबून घेते. आईच्या अंगावरचं पिते तेवढंच. अंगणवाडीच्या बाईनं दंडाले पट्टी लावून पाह्यली, पिवळ्यात आली म्हणे, म्हंजे अंगानं कमी भरली. येत्या बुधवारी वजन. नाई वाढलं त यवतमाळले दवाखान्यात भरती करा लागन.

शुक्रवार
आज कळलं. रेखा वेचणीहून आली का पोरीले घेऊन शेजारी शांताकडं जाते. शांता माही जाऊ. भिंतीले भिंत हाये, पण तीस वर्सं झाली, मी तिच्याशी बोलली नाई. तिच्या काळ्या जिभेनं माही शोभा गेली. आठ महिन्याची होती. अन् आमची सून तिच्याच मांडीवर पोरगी देते. म्हणे, "आई, तिथं खाते ती. दुधात भाकरी मऊ केली त पाच घास खाल्ले."
म्हणलं, पुन्हा तिच्या दारात गेली त तंगडं तोडीन.
"तोडा. पोरगी त खाईन."
हिले जीभ कधी फुटली कोणास ठाऊक.

शनिवार
रेखा कामाले गेली. मी पुन्हा पिहूचं नाक दाबलं, तेवढ्यात अंगणवाडीची बाई दारात. माहा हातच धरला तिनं.
"आजी, असं पाजलं का पोटात नाई, छातीत जाते. ताप भरते. लेकरू दगावते."
म्हणलं, चार पोसली अशीच.
"चारही हायेत का?"
तीन, म्हणलं.
पेज सांडली होती, थे बाई पुसाले लागली.

रविवार
लिहू नये वाटते. पण वही समोर हाये त...
शोभाले बी मी अशीच पाजत होती. शांता भिंतीवरून पाहे. एक दिवस म्हणाली, "नाक नोको दाबू वं, पोरगी मरन अशानं." त्याच सांजेले ताप भरला. छाती भात्यावाणी खालवर. तिसऱ्या दिवशी गेली. घरात म्हणाले, शांताची जीभ लागली. मी बी म्हणलं. सगळ्यात जोरात मीच. मंग गावानं तिले बारशाले बलावनं सोडलं. तिले स्वतःचं लेकरू नाई, लोकाईचं बी कोणी मांडीवर देल्लं नाई.
हे कोणाले सांगतलं नाई. रेखाले बी नाई.

सोमवार
वाटी हातात घेतली, ठेवून देल्ली. पिहू उपाशीच झोपली. दंड पाह्यला तिचा. माह्या अंगठ्याएवढा.

मंगळवार, १८
रेखा शेतात गेल्यावर पिहूले कडेवर घेतलं अन् शांताच्या दारात गेली. ती गहू निवडत होती. उठली, हात धुतले, पोरगी घेतली. काहून आली, विचारलं नाई. मी पायरीवर बसली. शोभाचं बोलाचं ठरवून गेलती.
तिनं ताटात मऊ भात पसरला अन् पोरीलेच हात घालू देल्ला. अर्धा अंगाले, अर्धा जमिनीले. चार वेळा तोंडात गेला, कोणी न कोंबता. माह्या घरी इतका भात सांडला असता त मी बोंबलली असती.
मंग ठसका लागला. शांतानं माह्याकडं पाह्यलं. मी पोरीकडं. बसला ठसका, आपोआप. पिहू पुन्हा भातात हात घालाले लागली.
शांतानं ताट माह्याकडं सरकवलं. म्हणाली, "घे, आता तू दे."
म्हणलं, मले भाकरी टाकाच्या हायेत.
भाकरी पहाटेच टाकल्या होत्या. पोरगी तिथंच ठेवून आली. उद्या वजन.